नगरपालिकेच्या खात्यात कोट्यवधी, मग झाडूवालीचा पगार कामुन थकतो?

मोंढ्यातला
मंडळी, आमचं गाव मराठवाड्यातलं एक तालुक्याचं ठिकाण. 'ब' वर्ग नगरपालिका. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गावात निम्मे लोक एकमेकांचे सोयरे, उद्या दुकानासमोर वाद नको. चार वर्षं प्रशासकाच्या हातात कारभार होता. डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, नवे नगराध्यक्ष आले, नवे सदस्य आले आणि परवा त्यांच्या पहिल्या अंदाजपत्रकाची विशेष सभा झाली. अंदाजपत्रक शिल्लकी. बाकं वाजली, पेढे वाटले, कुठल्या चौकात कुठलं सुशोभीकरण होणार ते वाचून दाखवलं.

त्याच वेळी फाटकाच्या बाहेर मंडप टाकून सफाई कामगार बसलेले. कंत्राटी बायांची मजुरी थकलेली, आणि कायम कामगारांचा पगारही महिना उलटून गेला तरी झालेला नाही. आत शिल्लक, बाहेर उपोषण. लेखा शाखेतल्या ओळखीच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "शेटजी, पैसे आहेत. पण ते हे पैसे नाहीत."

आता याचा अर्थ कुणी समजावून सांगेल का? खात्यात पैसे असताना पगार थांबतो कसा? पगाराला नाहीत तर चौकातल्या कारंज्याला कुठून आले? राजकीय शेरेबाजी नको, हिशोब कळणाऱ्यांनी लिहावं.

कोरडवाहू
हिशोब कळणारे नगरपालिकेत असते तर धागा काढायची वेळ आली असती का हो? (राजकीय नाही, नुसता शेरा.)

जुना लेखापाल
नोकरीभर नगरपालिकांच्या लेखा शाखेत बसलो, आता निवृत्त आहे. त्या माणसानं तुम्हाला खरं तेच सांगितलं.

नगरपालिकेची एक तिजोरी नसते. बँकेत डझनावारी खाती असतात आणि बहुतेक खात्यांवर कुणाचा तरी शिक्का असतो. वित्त आयोगाचं खातं वेगळं, राज्याच्या नगरोत्थान योजनेचं वेगळं, वस्ती सुधारणेचं वेगळं, वैशिष्ट्यपूर्ण कामांचं वेगळं, घरकुलांचं वेगळं. एका खात्यातला रुपया दुसऱ्या कामाला वापरला की लेखापरीक्षणात आक्षेप येतो, आणि तो आक्षेप मुख्याधिकारी बदलून गेले तरी त्यांच्या आणि लेखापालाच्या मागं फिरतो.

पंधराव्या वित्त आयोगाचंच (२०२१-२६) घ्या. आपल्यासारख्या, म्हणजे दहा लाखांखालच्या शहरांना जो पैसा येतो त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. उरलेला ४० टक्के मोकळा म्हणतात, पण त्या मोकळ्या पैशातूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नाही, तशी अटच आहे. म्हणजे कचरा उचलायची गाडी त्या पैशातून घेता येते, पण ती गाडी चालवणाऱ्या कायम माणसाचा पगार त्यातून करता येत नाही.

पगाराला दोनच दारं. एक, राज्य सरकारकडून येणारं सहाय्यक अनुदान. दुसरं, नगरपालिकेचा स्वतःचा सामान्य निधी: घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं, आठवडी बाजाराची तहबाजारी, बांधकाम परवान्याचं शुल्क. यातून पगार झाला, निवृत्तांची देणी झाली, पाणी उपशाचं आणि दिवाबत्तीचं वीजबिल झालं की तळ दिसतो. शिवाय त्याच स्वतःच्या उत्पन्नातून महिला-बालकल्याणाला ५ टक्के, दुर्बल घटकांना ५ टक्के आणि दिव्यांगांना ५ टक्के बाजूला काढायचे असतात. काढले जातात का, तो वेगळा धागा होईल.

आता शिल्लकी अंदाजपत्रक कसं होतं ते सांगतो. पहिल्या पानावर 'आरंभीची शिल्लक' असा आकडा असतो. त्या आकड्यात वरची सगळी शिक्क्याची खाती मिळवलेली असतात. मागच्या वर्षी आलेला आणि खर्च न झालेला रस्त्याचा निधी, घरकुलांचा निधी, झालंच तर ठेकेदारांच्या अनामत रकमा, ज्या तर नगरपालिकेच्या नाहीतच, परत द्यायच्या आहेत. या सगळ्यांची बेरीज करून वर्ष सुरू होतं, मग वर्षअखेर शिल्लक राहणार नाही तर काय होईल? घरात लेकीच्या लग्नाचे ठेवलेले पैसे आहेत आणि किराण्याची उधारी चढली आहे, असं चालू असतं. ते घर श्रीमंत म्हणायचं का, तुम्हीच ठरवा.

मोंढ्यातला
काका, इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. पण मग एक शंका. आमचे वडील सांगतात की पूर्वी जकात नाका होता तेव्हा पगार कधी थांबला नाही. व्यापारी म्हणून मला जकातीचं काडीचं प्रेम नाही, नाक्यावर ट्रक अडवून काय चालायचं ते लहानपणी बघितलंय. तरी विचारतो.

जुना लेखापाल
वडील बरोबर सांगतात. जकात रोज संध्याकाळी रोख जमा व्हायची. नाक्यावर गळती होती, मारामाऱ्या होत्या, पण पैसा गावचा होता आणि रोजचा होता. १९९९ साली राज्यानं नगरपालिकांची जकात बंद केली आणि त्या बदल्यात अनुदान सुरू केलं. तेव्हापासून नगरपालिकेचं डोळं मुंबईकडं. अनुदान आलं की पगार, उशिरा आलं की उशिरा पगार. आणि ते मंजूर पदांवरच्या कायम कर्मचाऱ्यांच्या हिशोबानं येतं. कंत्राटी बाया त्या हिशोबात नाहीत. त्यांचं बिल सामान्य निधीवर.

महापालिकांची जकात पुढं टिकली. औरंगाबादेत २०११ मध्ये तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, तो २०१५ च्या ऑगस्टपासून बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला आणि २०१७ ला जीएसटी आल्यावर उरलेलाही गेला. महापालिकांना निदान कायद्यानं भरपाई ठरवून मिळाली: २०१६-१७ हे पायाभूत वर्ष आणि दरवर्षी ८ टक्के वाढ. नगरपालिकांना असा सरळ आकडा कधीच मिळाला नाही.

१ जून १९९३ ला ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली. बाराव्या अनुसूचीत अठरा विषय लिहून दिले, पाणीपुरवठ्यापासून स्मशानभूमीपर्यंत. विषय दिले, त्यांच्यासोबत कर मात्र दिला नाही. उलट हातातला होता तो काढून घेतला.

स्पष्टवक्ता
हे सगळं ठीक आहे, पण मूळ दुखणं कुणी बोलत नाही. माणसं नको तितकी भरलेली आहेत. अर्धे कर्मचारी सही करून घरी जातात. आधी ती भरती कमी करा, मग अनुदानाच्या गप्पा मारा. सरकारचा नियम आहे ना, आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत पाहिजे म्हणून?

जुना लेखापाल
३५ टक्क्यांचा दंडक आहे, पण तो एका अपूर्णांकाचा दंडक आहे हे विसरू नका. वर पगार, खाली उत्पन्न. घरपट्टी वसूल झाली नाही की खालचा आकडा लहान होतो आणि एकही माणूस न वाढता टक्केवारी ५०, ६० वर जाते. मग भरतीला मनाई. मग पदं रिकामी. मग वसुलीला माणूस नाही. मग वसुली आणखी खाली. मी असंही बघितलंय की घरपट्टी विभागात दोन माणसं आणि मालमत्ता हजारोंनी. ते दारोदार जाणार कधी?

सही करून घरी जाणारे आहेत, नाही म्हणत नाही. पण झाडूवाल्या त्यात नसतात. पहाटे पाचला कोण सही करून झोपायला जातं?

लेक कामगाराची
पहिल्यांदाच लिहायलेय इथं. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

स्पष्टवक्ता दादा, माझी आई कंत्राटी सफाई कामगार आहे, आमच्या गावच्या नगरपालिकेत. ठेकेदार बदलतो, आई तीच, गल्ली तीच. नवा ठेकेदार आला की पीएफची भानगड नव्यानं. कपात होते ती कागदावर दिसते, खात्यात सगळी दिसत नाही. किमान वेतनाचा दर टेंडरमध्ये लिहिलेला असतो, हातात त्यापेक्षा कमी येतं. विचारलं तर ठेकेदार म्हणतो नगरपालिकेनं बिल काढलं नाही, नगरपालिका म्हणते आमचा तुमचा संबंध नाही, ठेकेदाराला विचारा.

कायम कामगारांच्या वारसांना लाड-पागे समितीच्या शिफारशीनं नोकरी लागते. चांगली गोष्ट आहे, लागलीच पाहिजे. पण तेच काम करणाऱ्या आईला त्यातलं काही नाही, ती कुणाची कामगारच नाही म्हणे. आईनं गाव झाडलं, तिच्या नावाची हजेरी मात्र गावाच्या वहीत नाही.

तुम्ही म्हणता माणसं कमी करा. या आणि एक दिवस आमच्या गटारीला हात लावून बघा.

कोरडवाहू
ताई, एक नंबर. स्पष्टवक्त्यांनी उत्तर द्यावं.

स्पष्टवक्ता
मी ऑफिसातल्या बाबूंबद्दल बोललो होतो, सफाई कामगारांबद्दल नाही. ताईंच्या आईंबद्दल आदरच आहे.

जुना लेखापाल
लेकी, एक गोष्ट आईला आणि तिच्या सोबतच्या बायांना सांग. ठेकेदारानं मजुरी दिली नाही तर मूळ मालकानं, म्हणजे इथं नगरपालिकेनं, ती द्यायची आणि ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. "आमचा संबंध नाही" हे उत्तर चालत नाही. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्यायचा, त्याची पोच घ्यायची आणि एक प्रत कामगार अधिकाऱ्याकडं. ठेकेदाराच्या प्रत्येक बिलासोबत मागच्या महिन्याच्या मजुरीचा पट आणि पीएफ भरल्याचं चलन जोडलेलं असायला हवं. ते न बघता बिल पास केलं असेल तर लेखा शाखा अडचणीत येते. मी स्वतः अशी बिलं परत पाठवली आहेत आणि त्यासाठी शिव्याही खाल्ल्या आहेत.

सिमेंट खडी
ठेकेदारांवर बोलून झालं असेल तर ठेकेदाराचंही ऐका. मी सफाईचा नाही, रस्त्याचा.

पगार थकला तर मंडप पडतो, पेपरात फोटो येतो. आमचं बिल थकलं तर आम्ही कुठं बसायचं? काम झालं, अभियंत्यानं एमबी (मोजमाप पुस्तिका) भरली, त्रयस्थ तपासणीचा अहवाल आला, बिल लेखा शाखेत गेलं आणि तिथं शेरा पडतो, 'निधी उपलब्धतेनुसार'. निधी कधी उपलब्ध होणार ते देवाला माहीत. तोवर सिमेंटवाल्याचं व्याज माझ्या डोक्यावर.

आता लोक विचारतात, मग काम घेता कशाला? कारण मशीन उभी आहे, माणसं सांभाळायची आहेत. म्हणून २०-२५ टक्के बिलोनं, म्हणजे अंदाजित दरापेक्षा तेवढ्या कमी दरानं, टेंडर भरायचं. त्या दरात दरसूचीप्रमाणं काम होतच नाही, हे टेंडर उघडणाऱ्यालाही कळतं. कुठं काय कमी होतं ते लिहीत नाही, तुमच्या गल्लीतला रस्ता तीन पावसाळ्यांनंतर स्वतःच सांगतो.

आणि रस्ता केल्यावर लगेच खोदतात म्हणून जे ओरडता ना, त्याचं कारण बजेटात आहे. रस्त्याचं अनुदान आधी आलं. मुदतीत खर्च केलं नाही तर परत जातं. म्हणून रस्ता केला. पुढच्या वर्षी केंद्राच्या अमृत योजनेतली पाण्याची लाइन मंजूर झाली. मग तोच रस्ता फोडला. अक्कल सगळ्यांना आहे हो, आधी पाइप मग रस्ता, हे पोरालाही कळतं. पण पैसा उलट्या क्रमानं येतो, त्याला कोण काय करणार?

मोंढ्यातला
हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. आमच्या गल्लीतला सिमेंट रस्ता असाच गेला. अन् खोदलेली चर बुजवायचं काम तिसऱ्याच ठेकेदाराकडं होतं म्हणे.

सिमेंट खडी
असणारच. आणि पहिल्या रस्त्याचा दोषदायित्व कालावधी (बिघडलं तर ठेकेदारानंच दुरुस्त करायची मुदत) चालू असताना फोडला असेल तर पहिला ठेकेदार हात वर करतो, 'मी केलेला रस्ता तुम्हीच फोडला'. त्याचंही खरं असतं.

दिल्ली गेटकर
संभाजीनगरातून लिहितोय. तुमची नगरपालिका लहान म्हणून दुःख लहान असं समजू नका, आमच्याकडं तेच, फक्त शून्यं जास्त.

पाण्याचंच उदाहरण. आधी 'समांतर' नावाची खासगी भागीदारीतली योजना आली, ती २०१६ ला मोडली. मग १६८० कोटींची नवी योजना, डिसेंबर २०२० ला भूमिपूजन. पुढं ती अमृत २.० मध्ये गेली आणि खर्च २७४० कोटींवर पोचला. आता गंमत बघा, दहा लाखांवरच्या शहराला अमृत २.० मध्ये केंद्राचा वाटा २५ टक्केच. राज्याचा वाटा धरूनही महापालिकेच्या अंगावर आठशे कोटींहून जास्त आले. एवढी ऐपत कुठून आणायची? शेवटी सरकारच्या दारात हात पसरणं आलं. आणि योजना पूर्ण झाल्यावर पैठणहून नाथसागराचं पाणी वर शहरात चढवायचं वीजबिल कोण भरणार? त्याला ना केंद्राचं अनुदान, ना राज्याचं. ते पाणीपट्टीतूनच निघायला पाहिजे. आणि पाणीपट्टी आम्ही २०२२ ला ४०५० वरून २०२५ रुपये करून घेतली, निम्मी. पाणी आठवड्यातून एकदा येतं तर निम्मी का नको, हा नागरिकाचा युक्तिवादही खोटा नाही. दोन्ही खरं आहे आणि दोन्हींची बेरीज लागत नाही.

अजून एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. महापालिकेच्या कायद्याप्रमाणं पुढच्या वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात. अंदाजपत्रकाची मोठी सभा त्यानंतर. म्हणजे उत्पन्न किती येणार ते आधी गुपचूप ठरून जातं, आणि खर्चावरची भाषणं नंतर गाजतात. आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीत वाढतं, स्थायीचं महासभेत वाढतं. जमेच्या बाजूला एक रुपयाही वाढलेला नसतो, तरी कागदावर वाढवून दाखवतात, कारण खर्च वाढवला की जमा वाढवावीच लागते.

कचऱ्याचंही तेच बघितलं आम्ही. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी डेपो बंद पाडला, मार्चात मिटमिट्याला दंगल झाली, तेव्हा कुठं प्रक्रिया केंद्रांना सरकारी पैसा हलला. त्याआधीच्या अंदाजपत्रकांत घनकचऱ्याच्या ओळी नव्हत्या का? होत्या की.

मांजराकाठी
लातूरकर हजर. आमची शहाणपणाची फी सगळ्या देशानं टीव्हीवर बघितली. एप्रिल २०१६, मिरजेहून रेल्वेनं पाणी. मांजरा धरण कोरडं ठाक. ती गाडी आली तेव्हा लोकांनी इंजिनाला हार घातले, आणि मी विचार करत होतो की शहरातल्या गळक्या पाइपांत हे पाणी ओतणार, त्यातलं घरात किती पोचणार.

सांगायचा मुद्दा, दुष्काळात सगळी यंत्रणा पळाली, टँकर आले, विहिरी अधिग्रहित झाल्या. पाऊस पडल्यावर गळती बंद करायच्या कामाला कुणी हार घालत नाही. देखभाल-दुरुस्ती ही अंदाजपत्रकातली सगळ्यात गरीब ओळ. नवं बांधायला अनुदान मिळतं, जुनं सांभाळायला मिळत नाही.

विष्णुपुरी
मांजराकाठी यांना दुजोरा. नांदेडला २००८ च्या गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्तानं केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहर-विकास योजनेतून रस्ते, पूल, ड्रेनेज असं पुष्कळ झालं, शहराचा चेहराच बदलला. झालं ते चांगलंच झालं. पण बांधून मिळालेलं सांभाळायचा खर्च कायमचा नांदेडच्या तिजोरीवर आला, त्याला कुठली योजना नाही.

माजी सदस्य
मी एका नगरपालिकेत निवडून आलो होतो, आता राजकारणात नाही. त्यामुळं मोकळं बोलतो.

सदस्याला अंदाजपत्रकातून काय पाहिजे असतं? आपल्या वॉर्डातलं काम छापून यावं. बस. पैसे आहेत का, ते नंतर बघू. म्हणून 'टोकन तरतूद' नावाचा प्रकार निघाला. काम मोठं, तरतूद एका लाखाची. काम यादीत आलं ना! मग पाठपुरावा, मग निविदा, मग काम, मग बिल. बिल आल्यावर कळतं तरतूद लाखाचीच आहे. ते दायित्व म्हणून पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी पुन्हा नव्या कामांची यादी. असं करत करत मागची देणी एवढी होतात की येणारं सगळं वर्ष गेलेल्या वर्षांची बिलं फेडण्यात जावं. तरीही नव्या कामांची यादी थांबत नाही, कारण ज्याचं नाव यादीत नाही तो सदस्य सभेत बोलू लागतो.

जमेच्या बाजूला 'शासनाकडून अपेक्षित विशेष अनुदान' असा आकडा टाकला की कुणालाही गप्प करता येतं. त्या ओळीवर सभेत प्रश्न विचारलेला मी एकदाही ऐकला नाही. मीही विचारला नाही, कारण माझंही काम त्यावरच उभं होतं.

घरपट्टीचं सांगतो. चार वर्षांनी चतुर्वार्षिक आकारणी करायची असते. नवी मोजणी झाली की वाढलेले मजले, दुकानं केलेले ओटे सगळं सापडतं. नोटिसा निघतात, लोक सदस्याच्या दारात. तेव्हा सगळ्या पक्षांचे सदस्य एक होतात, तेवढी एकी मी दुसऱ्या कशात बघितली नाही. ठराव होतो, जुनेच दर कायम. जिल्हाधिकाऱ्यांना नगरपालिका कायद्याच्या कलम ३०८ खाली ठराव थांबवता येतो, पण लोकांवर कर वाढवा म्हणून कुठला जिल्हाधिकारी अंगावर घेईल?

बिनपाण्याचा नळ
मग लोकांचीच चूक का? आम्ही घरपट्टी वेळेवर भरतो. उशीर केला तर महिन्याला २ टक्के शास्ती. आणि ज्यानं वर्षानुवर्षं भरली नाही त्याच्यासाठी मार्चात अभय योजना, शास्ती माफ. वेळेवर भरणारा येडा ठरतो. शिवाय त्या बिलात शिक्षण कर, रोजगार हमी कर असतो, तो नगरपालिकेला राहतच नाही म्हणे, राज्याला जातो. खरंय का काका?

जुना लेखापाल
खरंय. शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर नगरपालिका फक्त गोळा करते, भरायचा सरकारकडं. शिवी नगरपालिकेला, पैसा राज्याला. आणि अडचणीच्या वर्षांत काही ठिकाणी तो भरणाच केला जात नाही, पगाराला वापरून टाकतात. मग तीही थकबाकी.

अभय योजनेबद्दल माझं मत कडक आहे. एकदा दिली तर वसुली होते. दर वर्षी दिली तर लोक मार्चची वाटच बघत बसतात.

स्पष्टवक्ता
धागालेखक मोंढ्यातले व्यापारी आहेत. नगरपालिकेच्या संकुलातले गाळे कोणत्या जमान्यातल्या भाड्यानं आहेत तेही येऊ द्या की. मूळ गाळेधारक एक, बसलेला तिसराच, आणि त्या दोघांतलं भाडं नगरपालिकेच्या भाड्याच्या दसपट.

मोंढ्यातला
माझं दुकान स्वतःच्या जागेत आहे, पण प्रश्न बरोबर आहे, म्हणून उत्तर देतो. पोटभाडेकरूंचं तुम्ही म्हणता ते गावोगाव आहे, ते बंद व्हायलाच पाहिजे. पण भाडेवाढ केली ती रेडीरेकनरवर, म्हणजे सरकारी बाजारमूल्याच्या तक्त्यावर, एकदम केली, ज्या गाळ्यासमोर गटार उघडं आणि वर छत गळतंय त्यालाही तोच दर. लोक कोर्टात गेले. आता वाढीव भाडंही येत नाही आणि जुनंही येत नाही, प्रकरण न्यायप्रविष्ट. दर दोन-तीन वर्षांनी थोडं थोडं वाढवलं असतं तर एवढ्यात गावाला चांगलं उत्पन्न झालं असतं. आणि अंदाजपत्रकात मात्र गाळेभाड्याची जमा नव्या दरानं धरलेली आहे. मी सभेत ऐकलं स्वतः.

माजी सदस्य
बघा, हेच ते. न्यायप्रविष्ट भाडं जमेला धरलं की तेवढ्याच रकमेचं सुशोभीकरण खर्चाला धरता येतं. तुमच्या कारंज्याचा पैसा तिथून आला असेल, म्हणजे आलेलाच नसेल.

सिमेंट खडी
आणि कारंजं मात्र खरंच बांधलं जाईल. बिल माझ्यासारख्या कुणाचं तरी थकेल.

लेक कामगाराची
आणि त्याभोवतीचा कचरा आई उचलेल.

मोंढ्यातला
काका, मग माझ्यासारख्यानं नेमकं काय मागायचं? आम्ही चार-पाच जणांनी माहिती अधिकारात अर्ज द्यायचं ठरवलंय. अख्खं अंदाजपत्रक मागितलं तर गठ्ठा देतील आणि आम्ही बघत बसू.

जुना लेखापाल
अंदाजपत्रक मागाच, पण त्यात एकच स्तंभ आधी वाचा, मागच्या वर्षाची प्रत्यक्ष जमा. पुढच्या वर्षाच्या अंदाजाकडं बघूच नका, तो कवितेसारखा असतो. घरपट्टीची प्रत्यक्ष जमा किती आणि नवा अंदाज किती, यात दुपटीचा फरक दिसला तर तिथं बोट ठेवा.

दुसरं, आरंभीच्या शिल्लकेची फोड मागा. कोणत्या बँक खात्यात, कोणत्या योजनेचे, किती. त्यातून अनामत रकमा आणि बांधील अनुदानं वजा केली की सामान्य निधीत उरतं ते गावचं खरं. ही फोड लेखा शाखेत तयार असते, कारण तिच्याशिवाय त्यांचाच ताळमेळ लागत नाही.

तिसरं, न दिलेल्या देयकांची यादी. ठेकेदारांची, महावितरणची, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या उपदानाची (ग्रॅच्युइटी) आणि रजा रोखीकरणाची, सगळी. सदस्यांनासुद्धा ही यादी कुणी देत नाही. नवीन सदस्य चांगले असतील तर त्यांच्यापैकी एखाद्यालाच सभेत मागायला सांगा, इतिवृत्तात येईल.

आणि पंधराव्या आयोगाची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतचीच. त्या खात्यात किती पडून आहेत तेही विचारा. पाण्या-स्वच्छतेचा पैसा पडून आणि गाव तहानलेलं असेल तर त्याचं उत्तर अनुदानाच्या नावानं देता येणार नाही.

बिनपाण्याचा नळ
आमच्या गावासाठी हाच अर्ज कॉपी करतो काका, चालेल ना?

जुना लेखापाल
चालेल. फक्त देयकांची यादी '३१ मार्चअखेरची' मागू नका, '३१ डिसेंबरअखेरची' मागा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अनुदान उतरतं, रात्री-बेरात्री बिलं निघतात, आकडा गोड दिसतो.

सिमेंट खडी
काका, आमच्यासाठी वर्षात तेवढाच एक आठवडा गोड असतो, त्यावर तरी नजर लावू नका.